कर्ण्याची कुळकथा

भोर तालुक्यांतील आंबवडें हें गांव नागेश्वराच्या देवळामुळें, ओढ्यावरील झुलत्या पुलामुळें आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाधींमुळें अनेकांस ठाऊक आहे. ज्या मावळांत हीं माणसें वावरलीं, तेथें एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर साद पोंचविणें ही चैन नव्हती. मोठ्या गळ्याच्या माणसाची हांकही ओढ्याच्या खळखळाटांत विरून जाते. परंतु त्याच माणसानें शिंग फुंकलें कीं छाती तीच, श्वास तोच, आणि आवाज मात्र कितीतरी दूर जातो. आज शहरांतील एखाद्या दिवाणखान्यांत हजारों रुपये खर्चून कर्ण्याचा ध्वनिक्षेपक सुधारीत बसलेला रसिक ह्याच चमत्काराच्या मागें लागलेला असतो. दोघांचें कुळ एकच आहे.

चमत्काराचें मर्म असें. फुंकणाऱ्याच्या ओठांपाशीं हवेचा दाब फार, परंतु हालचाल थोडी असते. बाहेरची मोकळी हवा थोड्या दाबानेंही हलते, परंतु तिची हालचाल पुष्कळ व्हावी लागते. ह्या दोहोंचा एकदम सांधा जोडला तर आवाजाची बरीचशी शक्ति उंबरठ्यावरूनच परत फिरते. शिंगाची नळी हळूहळू रुंदावत जाते, आणि लाटेला बाहेर पडल्याचें जणूं कळूंही न देतां बाहेर नेऊन सोडते. कर्णा आवाजांत स्वतःची भर घालीत नाहीं; वाया जाणारा आवाज तो वांचवितो.

एडिसननें 1877 सालीं बोलणारें यंत्र केलें व पुढें दहा वर्षांनीं बर्लिनरनें तबकडीचा मार्ग काढला, तेव्हां विजेनें आवाज वाढविण्याची सोय नव्हती. सर्व भार कर्ण्यावर होता, आणि तोही दोन्हीं टोकांस: गाणें घेतांना गवयानें कर्ण्यांत गावें, आणि ऐकतांना तें कर्ण्यांतूनच बाहेर यावें. 1902 च्या नोव्हेंबरांत गैसबर्ग कलकत्त्यास होता, व गोहरजानसारख्यांचीं गाणीं त्यानें ह्याच रीतीनें उतरून घेतलीं. तबकड्या छापण्यास जर्मनींत हॅनोव्हरला जात. गाणें संपतांच गायक आपलें नांव पुकारतो तें तेथील कारागिरांस ओळख पटावी म्हणून, असें सांगतात. 1908 सालीं कलकत्त्यास कारखाना निघाल्यावर ही यातायात संपली. नांव सांगण्याची चाल मात्र लगेच सुटली नाहीं.

ह्या कर्ण्यानें आमच्या संगीताचें काय केलें, हें नीट पाहिलें पाहिजे. सेकंदास साधारण 200 पासून 2500 पर्यंतचीं कंपनें त्यांतून बऱ्यापैकीं पार पडत. खालचीं व वरचीं बहुतेक गळून जात. त्यामुळें जुन्या तबकडीवर तंबोरा जवळजवळ नाहींच, तबल्याचा डग्गा म्हणजे नुसती टकटक, आणि व्यंजनांची धार बोथट. त्यांतच तीन मिनिटांची मर्यादा. जो गवई अर्धा तास राग मांडून मग तानेस हात घाली, त्याला श्वास घेण्यापूर्वींच समेवर यावें लागे. भास्करबुवा बखले 1922 सालीं गेले, आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागें राहिली नाहीं. हा तोटा मोठा खरा. तरी कर्ण्यानें त्यांचें काय केलें असतें, असाही विचार मनांत येतो. अब्दुल करीमखां यांच्या बाबतींत मात्र तुलना करतां येते. 1905 च्या सुमाराच्या त्यांच्या तबकड्या कर्ण्यावरच्या आहेत, व 1934 नंतरच्या मायक्रोफोनवरच्या. दुसऱ्या संचांत स्वराभोंवतीं जी हवा ऐकूं येते, ती पहिल्यांत नाहीं. गळ्याचें वय बदललें होतें हें धरूनही हा फरक यंत्राच्या पदरीं टाकावा लागतो.

गंमत अशी कीं कर्ण्याचें गणित पक्कें झालें तें त्याचे दिवस भरत आल्यावर. वेब्स्टरनें 1919 सालीं कर्ण्यांतील लाटेचें समीकरण प्रसिद्ध केलें, आणि 1924 सालीं हॅना व स्लेपियन यांनीं ठराविक प्रमाणानें वाढत जाणाऱ्या नळीचे गुण दाखवून दिले. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत घडी घातलेल्या कर्ण्याचा ऑर्थोफोनिक ग्रामोफोन निघाला. लंडनमध्यें ई. एम्. जी. ह्या छोट्याशा कारखान्यानें कागदाच्या लगद्याचे, अडीच फुटांच्या आसपास तोंडाचे कर्णे हातानें घडविले. घर लहान वाटूं लागलें तरी चालेल, पण कर्णा मोठा हवा, असें म्हणणारा ग्राहकवर्ग तेव्हांपासूनचा आहे.

त्याच सुमारास वीज आली. बेल प्रयोगशाळेंतील वेंट व थुरस यांनीं बंद कोठडींतील लहानशा पडद्यास कर्णा जोडला, आणि बोलपटगृहांस कंठ फुटला. त्या काळीं अँप्लिफायर दहापांच वॅटांचे असत. कर्ण्याच्या क्षेपकांत विजेच्या शक्तीचा चतुर्थांश भागही आवाजांत उतरूं शके. उघड्या कागदी शंकूच्या क्षेपकांत शेंकडा पांच भाग उतरला तरी पुष्कळ. 14 मार्च 1931 रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ लागला, व 1932 सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलूं लागला, त्या वेळीं जगभरच्या थिएटरांतून पडद्यामागें कर्णेच बसूं लागले होते. पुढें अँप्लिफायर स्वस्त व जोरकस झाले, आणि कर्ण्याची घरांतून हकालपट्टी होऊन तो देवळाच्या शिखरावर, जत्रेंत व प्रचाराच्या गाडीवर जाऊन बसला. ‘भोंगा’ ह्या शब्दांत आज जी तुच्छता आहे ती ह्या हलाखीची. हातभर रुंदीच्या पत्र्याच्या तोंडानें खर्ज उमटणारच नाहीं. दोष कर्ण्याच्या जातीचा नव्हे, मापाचा आहे.

माप हाच कळीचा मुद्दा. मोकळ्या जागेंतील कर्ण्याच्या तोंडाचा घेर निदान एका लाटेच्या लांबीइतका असावा लागतो. काळी एक पट्टींतील पुरुषी षड्ज सेकंदास सुमारें 139 कंपनांचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारें 69. ध्वनीचा वेग सेकंदास 344 मीटर धरला तर त्या खर्जाची लाट पांच मीटर लांब होते, आणि कर्ण्याचें तोंड दीड मीटरांहून अधिक रुंद लागतें. ई. एम्. जी. चा तो अजस्र कर्णाही सुमारें 144 कंपनांपाशींच थांबतो. क्लिप्शनें ह्यावर युक्ति काढली ती अशी कीं घडीचा कर्णा खोलीच्या कोपऱ्यांत ठेवावयाचा, म्हणजे दोन भिंती व जमीन ह्याच त्याचा पुढचा भाग होतात. 1946 पासून तो ते विकूं लागला. वाड्यांतील जाड भिंतींचा कोपरा ह्या कामास उत्तम. पातळ लांकडी फळीची आडभिंत स्वतःच थरथरूं लागते.

घरीं सुधारणा करणाऱ्यांनीं प्रथम हें गणित करावें, मग बटव्यास हात घालावा. पत्र्याचा कर्णा वाजतांना स्वतः घणघणत असेल, तर त्यास बाहेरून फेल्ट किंवा डांबरी लेप लावल्यानें लाभ होतो, व तो स्पष्ट ऐकूं येतो. पडद्याच्या कोठडीचें तोंड व कर्ण्याचा गळा यांच्या सांध्यांत पायरी राहिली असेल तर ती घांसून काढावी. वाळलेले कपॅसिटर बदलावे. खर्जाचा कर्णा दोन मीटर लांब असेल तर त्याचा आवाज सेकंदाच्या सुमारें 6 हजारांश भागानें उशिरा येतो; तेवढा विलंब वरच्या स्वरांस देणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. सोन्याच्या मोलाच्या तारा विकत घेऊन जें समाधान मिळतें, तें मात्र कानाचें नसून पावतीचें असतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न ह्यापुढचा. सुधारलेल्या कर्ण्यावर आपण जुना आवाज लावतों तेव्हां नक्की कोणाला ऐकतों? खरखर नको म्हणून वरचे स्वर छाटले तर तिच्याबरोबर गळ्याची उरलीसुरली धारही जाते. गोडी यावी म्हणून खर्ज वाढविला तर जो खर्ज तबकडींत कधीं उतरलाच नव्हता त्याचा नुसता घुमारा हातीं येतो. आपल्या यंत्रांत हवे ते फेरफार करण्यास रसिक मुखत्यार आहे. परंतु तबकडीवरून उतरवून घेतलेली मूळ प्रत एकदां तरी कांटछांट न करतां ठेवली पाहिजे, कारण पुढच्या पिढीचें यंत्र आपल्याहून चांगलें असेल.

तिच्यासोबत वेगाचीही नोंद हवी. त्या काळच्या सर्वच तबकड्या मिनिटास 78 फेऱ्यांच्या नव्हत्या. 74 फेऱ्यांवर उतरलेलें गाणें 78 वर लावलें तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो. काळी एकचा गवई पांढरी दोनपाशीं जातो, तान आहे त्याहून चपळ होते आणि भरदार गळा किनरा वाटूं लागतो. सर्वांत मोलाचा कर्णा तें तितक्याच इमानानें ऐकवितो.