बीटाची परतीची वाट

फोनवर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची बीटा आवृत्ती कशी चढवावी, हे सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. ती उतरवून जुन्या आवृत्तीकडे कसे परतावे, याचा शोध मात्र बहुधा फोन अडकल्यावर सुरू होतो. बीटाचा इतिहास नव्या सुविधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परतीच्या वाटेचा इतिहास म्हणून तो वाचला, तर वेगळेच चित्र दिसते. (थ्रेड)

शब्द मोबाइलहून पुष्कळ जुना आहे. पंच कार्डांवर चालणाऱ्या यंत्रांच्या काळात आयबीएममध्ये उत्पादनाच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने होत. पहिली अल्फा, दुसरी बीटा, असे या नावाचे मूळ सांगितले जाते. चाचणी उत्पादकाची, यंत्रही त्याचेच. बिघाड झाला तर नुकसान कोणाचे, हा प्रश्नच उद्भवत नसे.

१३ सप्टेंबर २००० रोजी अ‍ॅपलने पॅरिसमध्ये ‘मॅक ओएस एक्स पब्लिक बीटा’ जाहीर केली आणि तिची किंमत ठेवली २९.९५ डॉलर. अपुऱ्या वस्तूची चाचणी करण्यासाठी ग्राहकानेच पैसे मोजायचे! तिला मुदतही होती. मे २००१ नंतर ती चालेनाशी झाली. तरीही जाणकार वापरकर्ता निर्धास्त असे. हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा काढून तेथे बीटा बसवता येई आणि दुसऱ्या भागात जुनी मॅक ओएस ९ शाबूत राही. कंटाळा आला की जुन्या घरात परत.

सामान्य स्मार्टफोनने हे दुसरे घर ठेवले नाही.

मार्च २००८ मध्ये आयफोनसाठी अ‍ॅप लिहिण्याची साधने आणि त्यांसोबत आयफोन ओएस २.० ची बीटा आली, ती नोंदणीकृत विकासकांपुरती. वार्षिक वर्गणी ९९ डॉलर होती. बीटा चालवायची तर त्या फोनचा विशिष्ट ओळखक्रमांक, म्हणजे यूडीआयडी, विकासकाच्या खात्यात नोंदवावा लागे. एका खात्यावर १०० उपकरणांची मर्यादा होती. त्यातून एक गमतीदार बाजार उभा राहिला: काही विकासक आपल्या खात्यातील रिकाम्या जागा थोड्या पैशांत उत्सुक लोकांना विकू लागले. नवे आधी पाहण्याची हौस केवढी होती, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

पुढल्या वर्षी, आयफोन ३जीएसपासून, अ‍ॅपलने एक कुलूप बसवले. सिस्टीम बसवताना फोन कंपनीच्या सर्व्हरकडे त्या आवृत्तीसाठी डिजिटल स्वाक्षरी मागतो. जुन्या आवृत्तीला स्वाक्षरी देणे कंपनीने थांबवले की ती फाइल जवळ असूनही निरुपयोगी ठरते. बीटाच्या काळात चालू अधिकृत आवृत्तीला स्वाक्षरी मिळत राहते, त्यामुळे परतता येते. मात्र बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर पूर्ववत करता येत नाही. माणूस घरी परततो, सामान मागेच राहते.

अँड्रॉइडच्या बाजूला त्याच सुमारास अगदी निराळी संस्कृती वाढत होती. २००८ च्या टी-मोबाइल जी१ या फोनसाठी स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेला सायनोजेनमॉड हा तिचा सर्वांत गाजलेला नमुना. त्याच्या ‘नाइटली’ आवृत्त्या नावाप्रमाणे रोज रात्री तयार होत. सकाळी फोनचा कॅमेरा चालेल की नाही, याची हमी कोणी देत नसे. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने कोंडिक यांना कायदेशीर पत्र पाठवले. जीमेल, मॅप्स, मार्केट ही अ‍ॅप मुक्त स्रोत नव्हती. ती सोबत वाटण्यास गूगलचा आक्षेप होता. मग अ‍ॅप वगळून सिस्टीम तेवढी वाटण्याचा मार्ग निघाला.

या मंडळींची खरी देणगी मात्र ‘नँड्रॉइड’ बॅकअप ही होती. रिकव्हरीत जाऊन फोनच्या साठवणीची जशीच्या तशी प्रत काढायची, मग हवा तो प्रयोग करायचा. बिघडले तर तीच प्रत परत ओतायची. संदेश, अ‍ॅप, मांडणी सारे जागच्या जागी. धोका स्वतःचा होता, परंतु परतीची किल्लीही स्वतःच्याच हाती होती. अधिकृत बीटा कार्यक्रमांनी सोय पुष्कळ वाढवली, ही किल्ली मात्र दिली नाही.

ते कार्यक्रम यथावकाश आले. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आयओएसची सार्वजनिक बीटा खुली केली. २०१६ मध्ये अँड्रॉइड एनच्या वेळी गूगलने केवळ नाव नोंदवून बीटा थेट फोनवर मागवण्याची सोय केली. बीटा सोडून अधिकृत आवृत्तीकडे मागे यायचे, तर फोन पुसला जाईल, ही अट तेथेही होतीच.

याची सर्वांत कडू चव भारतीय वापरकर्त्यांनी घेतली. शाओमीची सुरुवातच बीटावर झाली होती: ऑगस्ट २०१० मध्ये, स्वतःचा फोन बाजारात येण्याआधी, तिने एमआययूआय ही सिस्टीम काढली. पहिल्या १०० परीक्षकांची नावे कंपनीने पुढे कौतुकाने मिरवली. दर शुक्रवारी नवी आवृत्ती, हा तिचा नेम होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो भारतात आला आणि जूनमध्ये एमआययूआय १० ची बीटा. अनेकांनी ती चढवली. काहींनी नेहमीच्या सवयीने फास्टबूटमधून जुनी आवृत्ती परत टाकली आणि फोन कायमचा मुका झाला. तरुणांच्या भाषेत ‘ब्रिक’, म्हणजे निव्वळ वीट. नव्या आवृत्तीत ‘अँटी-रोलबॅक’ होते: फोन आवृत्तीचा एक आकडा जपून ठेवतो आणि त्याहून लहान आकडा दिसला की सुरूच होत नाही.

अँटी-रोलबॅकमागचे कारण खोटे नाही. जुन्या आवृत्तीतील त्रुटी सर्वांना ठाऊक असतात. चोरलेला फोन मुद्दाम मागे नेऊन त्याचे कुलूप फोडता येते. गूगलनेही अँड्रॉइड ८ पासून अशा संरक्षणाची तरतूद केली होती. पण चोरासाठी घातलेल्या अडसरात प्रथम सापडला तो घरचाच परीक्षक. वीट झालेला फोन जिवंत करण्यासाठी लागणारी ‘ईडीएल’ ही खोल पातळीवरील सोय कंपनीने मान्यता दिलेल्या खात्यांपुरतीच राखलेली होती. ते खाते सामान्य वापरकर्त्याकडे नसे. सेवा केंद्राची पायरी चढणे, हाच अधिकृत मार्ग उरे.

१ जुलै २०१९ पासून शाओमीने जागतिक बीटा सर्वच फोनसाठी बंद केली.