तळटीप : ‘पाउंड दाबा’

* ‘पाउंड दाबा’ : आजी इथे फोनवर नाण्याचे चिन्ह शोधत बसतात, अमेरिकन फोनवरच्या आवाजाला मात्र # हवे आहे. तिथे वजनाचा पाउंडही या चिन्हाने लिहीत. आकड्यानंतर आले तर पाउंड (५# साखर), आधी आले तर क्रमांक (#५). ‘lb’ या लघुरूपावर आडवी रेघ मारून घाईघाईने लिहिता लिहिता ते असे झाले, ही व्युत्पत्ती बहुतेकांना मान्य आहे. ब्रिटनमध्ये पाउंड म्हणजे £, त्यामुळे # तिथे ‘हॅश’. शिफ्टसह ३ ही कळ दाबली की अमेरिकन कीबोर्डवर # उमटते, ब्रिटिश कीबोर्डवर £. आपल्याकडे कीबोर्ड अमेरिकन आणि नाव ब्रिटिश, म्हणून मोबाइलचा बॅलन्स पाहणारेही ‘स्टार, अमुक आकडे, हॅश’ असेच सांगतात. बेल प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी चालवलेले ‘ऑक्टोथॉर्प’ हे नाव कोशांत आहे, बोलण्यात जवळजवळ नाही. त्यातल्या ‘थॉर्प’च्या कथा अनेक आहेत, पटणारी एकही नाही.

पुढच्या पानावर नातू ‘हॅशटॅग दाब’ म्हणतो, ती लेखिकेची चूक नव्हे. २००७मध्ये ट्विटरवर विषयखुणेसाठी # वापरण्याची सूचना ख्रिस मेसिना यांनी केली. खूण आणि तिच्यापुढचा शब्द मिळून हॅशटॅग होतो, पण त्यानंतर वाढलेली मुले नुसत्या खुणेलाही तेच म्हणतात. प्रस्तुत संपादकाच्या पिढीला मात्र # दिसले की मुद्रितशोधनातला ‘इथे जागा सोडा’ हाच अर्थ आधी आठवतो. — संपा.