विषातून निघालेले औषध

कीटकनाशक म्हटले, की आदिलाबादसारख्या कापसाच्या मुलखात बोंडअळीची आठवण होते. परंतु अशाच विषांच्या कुळातील एका द्रव्याने कुत्र्यांच्या एका चिवट रोगावर उपाय दिला, ही हकीकत फारशी कोणाला ठाऊक नाही.

मेंदूच्या तळाशी लहानशी पोष ग्रंथी असते. तिच्या आज्ञेने मूत्रपिंडांजवळील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हा स्राव निर्माण करतात. पोष ग्रंथीत गाठ झाली, की ही आज्ञा थांबत नाही. मग कुत्रे सारखे पाणी पिते, त्याचे पोट सुटते, केस झडतात. धनी मात्र म्हणतो, वय झाले. माणसातील हा विकार हार्वे कुशिंग यांनी 1912 साली वर्णिला व 1932 साली त्याचा संबंध पोष ग्रंथीतील गाठीशी जोडला.

1949 साली नेल्सन व वुडर्ड या अमेरिकन संशोधकांनी डी. डी. टी.चे भावंड असलेले डी. डी. डी. कुत्र्यांना खाऊ घातले. तेव्हा त्यांच्या अधिवृक्क ग्रंथींचा बाहेरचा थर झिजून गेलेला आढळला. विषाचा हा दोषच पुढे गुण ठरला. त्यातील परिणामकारक घटक मायटोटेन या नावाने 1970 नंतरच्या दशकात रोगी कुत्र्यांना देण्यात येऊ लागला. मात्रा चुकली, तर ग्रंथी निकामी होऊन नेमका उलटा, 1855 साली ॲडिसन यांनी वर्णिलेला विकार जडतो आणि प्राण धोक्यात येतो. पुढे स्रावाची निर्मिती रोखणारे ट्रायलोस्टेन आले. तरी तेही रक्ततपासणीवाचून देता येत नाही.

दारातले म्हातारे कुत्रे पुन्हा स्वस्थ झोपू लागते, त्यामागे विष खाल्लेल्या त्या अनाम कुत्र्यांचे ऋण आहे.