एकसामयिक रेषीय समीकरणे सोडवण्याच्या पद्धती

ज्या समीकरणात प्रत्येक चलाचा घात १ असतो आणि दोन चलांचा गुणाकार कोठेही नसतो, त्याला रेषीय समीकरण म्हणतात. अशी दोन किंवा अधिक समीकरणे चलांच्या त्याच किमतींनी सत्य व्हायला हवी असतील, तर त्यांना एकसामयिक समीकरणे म्हणतात. ती सोडवण्याच्या रीती अनेक आहेत. उत्तर सगळ्यांचे एकच येते, पण लागणारे कष्ट फार वेगळे असतात.

महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ (सुमारे इ.स. ८५०) या संस्कृत ग्रंथातले एक उदाहरण घेऊ. ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची किंमत १०७. ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची १०१. तर एकेका फळाची किंमत किती? महाळुंगाची किंमत म आणि कवठाची क मानल्यास:

९म + ७क = १०७
७म + ९क = १०१

किंमत ठेवून

पहिल्या समीकरणावरून क = (१०७ − ९म) ÷ ७. हे दुसऱ्यात ठेवून सोपे रूप दिले की ३२म = २५६ उरते. म्हणून म = ८ आणि क = ५. एखाद्या चलाचा सहगुणक १ असेल तेव्हा ही रीत सोयीची पडते; येथे मात्र अपूर्णांक सांभाळावे लागतात.

लोप पद्धत

समीकरणांना योग्य संख्यांनी गुणून त्यांची बेरीज किंवा वजाबाकी करायची आणि एक चल घालवायचे. वरच्या उदाहरणात सहगुणकांची अदलाबदल झालेली असल्याने गुणावेही लागत नाही. बेरजेने म + क = १३ आणि वजाबाकीने म − क = ३ मिळते; पुढचे तोंडी होते.

आलेख पद्धत

प्रत्येक समीकरणाची एक रेषा येते. दोन्ही रेषा (८, ५) या बिंदूत छेदतात, तीच उकल. रेषा समांतर असतील तर उकल नाही. एकमेकींवर पडत असतील तर उकली अनंत. नेमक्या किमतींपेक्षा परिस्थिती समजण्यासाठी आलेख उपयोगी आहे.

क्रेमरची पद्धत

स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी १७५० मध्ये हा नियम प्रसिद्ध केला. सहगुणकांचा निश्चयक ९×९ − ७×७ = ३२. म च्या सहगुणकांच्या जागी स्थिरपदे लिहिली की १०७×९ − ७×१०१ = २५६; म = २५६ ÷ ३२ = ८. तसेच क = १६० ÷ ३२ = ५. मूळ निश्चयक शून्य असेल तर एकमेव उकल नसते.

मोठ्या संचांसाठी

२० चलांचा एक निश्चयक विस्तार करून काढायचा तर त्यात २४ वर १७ शून्ये इतकी पदे येतात, आणि क्रेमरच्या नियमाला असे २१ निश्चयक लागतात. लोप पद्धतीला मात्र सुमारे ३,००० गुणाकार-भागाकार पुरतात. सहगुणकांचा तक्ता मांडून एकेक चल क्रमाने घालवायचे आणि शेवटच्या चलापासून मागे येत किमती काढायच्या, याला गाउसची लोप पद्धत म्हणतात. पण गाउसच्या शेकडो वर्षे आधी ‘नऊ प्रकरणे’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात हीच कल्पना आढळते.

लाखो चले असून बहुतेक सहगुणक शून्य असतील, तर याकोबी किंवा गाउस-सायडल यांच्यासारख्या पद्धतींत अंदाजाने सुरुवात करून उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारतात. मात्र प्रत्येक संचासाठी अंदाज उत्तराजवळ सरकेलच असे नाही.

उत्तरावर किती विसंबावे?

क्ष + य = २ आणि क्ष + १.००१य = २.००१ यांची उकल (१, १) आहे. २.००१ ऐवजी २.००२ घेतले, तर ती (०, २) होते. दोन्ही रेषा जवळजवळ समांतर असल्याने हा फरक पडतो; तो पद्धतीचा दोष नव्हे. म्हणून मोजमापातून आलेल्या आकड्यांत समीकरणांत किमती ठेवून घेतलेला पडताळा पुरत नाही. आकडे किंचित बदलून उत्तर किती हलते, हेही पाहावे लागते.