नावातला पिंपळ, नावातला वड

वारकरी सज्जनहो, ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांची पालखी देहूतून प्रस्थान ठेवते. दुसऱ्या दिवशी ती निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला येते. तिसऱ्या दिवशी चिंचवड, पिंपरी मागे टाकून पुण्यात निवडुंग्या विठोबापाशी पोहोचते. ही नावे एकदा टाळ थांबवून सावकाश उच्चारा. निगडी म्हणजे निर्गुडी. चिंचवडात चिंच आहे आणि वडही आहे. पिंपरी हे पिंपळाच्याच कुळातले झाड, आणि शेजारी पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख अशी गावे. निवडुंगाच्या रानात मूर्ती सापडली म्हणून विठोबा निवडुंग्या झाला. आपण गावांतून चालतो असे वाटते. नावे पाहिली तर आपण झाडांच्या रांगेतून चालत असतो.

असे का झाले? गाव वसले तेव्हा वेस नव्हती, पाटी नव्हती. वाटसरूला खूण सांगायची ती झाडाची. त्याच्याखाली बैल सुटत, शिदोरी सुटे, पुढे पार बांधला जाई आणि पारावर न्यायनिवाडाही होई. म्हणजे झाड आधी, गाव नंतर. वड आणि चिंच पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात, म्हणून त्यांची खूण टिकली आणि खुणेचेच नाव झाले. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींनी समाधी घेतली, त्यालाही शतके लोटली.

मग काळ पालटला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि त्यामागून कारखान्यांची रीघ लागली. १९७० साली आसपासची गावे मिळून पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. हजारो हातांना काम मिळाले, हे उपकारच. पण रस्ते रुंद होत गेले तशी वाटेवरची जुनी झाडे कमी होत गेली. नावे मात्र तशीच राहिली.

मी कीर्तनात हाच दृष्टान्त देत असे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात संसाराला अश्वत्थ म्हटले आहे. माउलींनी ज्ञानेश्वरीत त्या शब्दाची फोड केली आहे : श्व म्हणजे उद्या, उद्यापर्यंत जो टिकत नाही तो अश्वत्थ. मी म्हणे, पाहा, पिंपळ गेला, नाव उरले. रूप नासते, नाम टिकते. श्रोते माना डोलवीत.

एकदा कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. म्हणाली, “म्हाराज, नाम खरंच हाय. पण वारीत पाय भाजत्यात तवा नावाच्या सावलीला बसता येतं का वो?”

मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर कळले की इतकी वर्षे मी अर्धाच सिद्धान्त सांगत होतो. नाम टिकते हे सत्य. पण नाम मुखी आहे म्हणून आपण वारी सोडली का? विठ्ठल विठ्ठल म्हणतच आपण विटेवरचे रूप डोळ्यांनी पाहायला पंढरीला जातो. आपल्या संप्रदायाने नाम आणि रूप वेगळे मानलेच नाही. आळंदीचा अजानवृक्ष आणि सोन्याचा पिंपळ, देहूची नांदुर्की यांच्या नुसत्या कथा सांगून आपण थांबलो नाही. तिथे जाऊन आपण त्या झाडांपुढे मस्तक टेकतो. मग गावाच्या नावातल्या झाडाने काय अपराध केला?

म्हणून मायबापहो, एक मागणे आहे. तुमच्या गावाच्या नावात कोणते झाड आहे ते आठवा. वडगाव असेल, आंबेगाव असेल, बोरगाव असेल, जांभूळवाडी असेल. यंदा वारीहून परतलात की पहिल्या पावसाच्या ओलीवर तेच झाड वेशीपाशी लावा. तीन उन्हाळे त्याला पाणी घाला, गुरांपासून राखा. पुढे ते आपले आपण जगेल. त्याच्या सावलीला जो टेकेल त्याला तुमचे नाव ठाऊक नसेल. गावाचे नाव मात्र त्याला खरे वाटेल.

राम कृष्ण हरि.