नामिबचे भुंगेरे

आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यास नामिब नांवाचें वाळवंट आहे. समुद्र शेजारीं असूनहि तेथें पाऊस क्वचितच पडतो. किनाऱ्यालगतच्या थंड प्रवाहामुळें धुकें मात्र वरचेवर आंत येतें. अशा रुक्ष भूमींत जमिनीवर वावरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या सुमारें २०० जाती नांदतात. त्या कशाच्या बळावर जगतात, हें उमगण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें.

या शोधाचा पाया मूळचे ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स कोख यांनीं घातला. त्यांच्या खटपटीनें १९६२ सालीं कुइसेब नदीच्या कोरड्या पात्राकांठीं, गोबाबेब येथें, संशोधनकेंद्र निघालें. जागा मोठी मार्मिक निवडली होती. एकीकडे वाळूच्या टेकड्या, दुसरीकडे खड्यांचें माळरान, मध्यें नदीकांठची झाडी. प्रत्येक ठिकाणचे भुंगेरे निराळे. वाळूंत 'नारा' नांवाचें बिनपानांचें काटेरी झुडूप वाढतें. त्याच्या सावलींत लांब पायांचे भुंगेरे आसरा घेतात. वाऱ्यानें वाहून आणलेला वाळका पालापाचोळा हेंच पुष्कळांचें अन्न.

१९७० सालीं कोख निवर्तले व केंद्राची धुरा मेरी सीली यांनीं उचलली. १९७६ सालीं त्यांनीं व विल्यम हॅमिल्टन यांनीं एक नवल प्रसिद्ध केलें. 'ओनिमॅक्रिस' प्रजातींतील एक भुंगेरा गार धुक्यांत टेकडीच्या माथ्यावर चढतो आणि डोकें खालीं, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर सांचलेले थेंब ओघळून तोंडांत येतात. दुसरे कांहीं भुंगेरे वाळूंत चर पाडून धुक्याचें पाणी धरतात.

जमिनींत भांडीं पुरून त्यांत पडलेले भुंगेरे मोजण्याचें काम तेथें वर्षानुवर्षें चाललें. त्यावरून २००५ सालीं दिसून आलें कीं, दीर्घ अवर्षणांत इतर जाती रोडावतात, पण धुकें टिपण्याची युक्ति साधलेल्या जाती टिकाव धरतात.

मध्यंतरीं, २००१ सालीं, इंग्लंडमधील दोघा संशोधकांनीं खडबडीत पाठीच्या एका निराळ्या भुंगेऱ्यास हें श्रेय दिलें. पाठीवरील उंचवटे पाणी धरतात व मेणचट खळगे तें ढकलतात, अशी त्यांची उपपत्ति. ती जगभर गाजली; तिच्या आधारें पाणी गोळा करणारे कृत्रिम पृष्ठभागहि बनविण्यांत आले. परंतु २०१० सालीं चार जातींचे भुंगेरे कृत्रिम धुक्यांत ठेवून पाहिले, तेव्हां डोकें खालीं करून उभा राहिला तो एकटा १९७६ चाच भुंगेरा. खडबडीत पाठीचे त्या आसनांत उभेच राहिले नाहींत. करणी एकाची आणि कीर्ति दुसऱ्याची, असा हा प्रकार झाला! पाठीची परीक्षा बारकाईनें झाली होती. पण त्या पाठीचा धनी धुक्यांत काय करतो, हें आधीं पाहणें राहून गेलें होतें.