डॉ. बाबासाहेब आंबेडकर : ग्रीक तत्त्वज्ञानाचे चिकित्सक अभ्यासक

कल्याणहून मुरबाड व टोकावडे या गावांवरून वैशाखऱ्याकडे जाणारा मार्ग फार प्राचीन आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या प्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाईंची नोंद आहे. तेथून पुढे जुन्नरच्या लेण्यांत मात्र निराळ्या प्रकारचे दान वाचावयास मिळते. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या खोदवून दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभही धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत.

'यवन' म्हणजे मूळचे ग्रीक. पुढे हा शब्द पश्चिमेकडून आलेल्या इतर लोकांनाही लावला जाऊ लागला. या लेण्यांच्याही आधी एक यवन आपल्या कोकणपट्टीत आला होता, अशी परंपरा आहे. तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी ठिकठिकाणी धम्मप्रचारक पाठविले. त्यांपैकी अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, योनक धम्मरक्खित या यवन भिक्खूला पाठविले, असे 'महावंस' हा ग्रंथ सांगतो. अपरांतातील शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. ज्या भूमीत एक ग्रीक मनुष्य बुद्धाचा भिक्खू होऊन आला, त्याच कोकणातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. बाबासाहेबांनी ग्रीक विचाराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बाबासाहेब ग्रीक भाषेचे पंडित नव्हते आणि ग्रीक तत्त्वज्ञानावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला नाही. तथापि प्लेटोचा विचार त्यांनी ज्या हेतूने तपासला तो हेतू ध्यानात घेतला, तर त्यांच्या इतका गंभीर अभ्यासक विरळाच म्हणावा लागेल. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे त्यांना प्रा. जॉन ड्युई हे गुरू लाभले. ड्युई यांचा लोकशाही आणि शिक्षण या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात प्लेटोच्या समाजविचाराची मूलगामी चिकित्सा आहे. बाबासाहेबांच्या प्लेटोविषयक विवेचनावर या ग्रंथाची छाप स्पष्ट दिसते; काही ठिकाणी तर शब्दयोजनाही तीच आहे. ड्युई यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे, हे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे.

प्लेटोने 'रिपब्लिक' या ग्रंथात आदर्श राज्याची रचना सांगितली. काही माणसांत वासना प्रबळ असतात, त्यांचा श्रमिकांचा व व्यापाऱ्यांचा वर्ग. काहींत शौर्य प्रबळ असते, त्यांचा रक्षकांचा वर्ग. आणि काहींत विवेक प्रबळ असतो, त्यांनी कायदे करावेत व राज्य चालवावे. ही मांडणी वाचताच भारतीय वाचकाला चातुर्वर्ण्य आठवल्यावाचून राहत नाही. त्या काळचे अनेक सुधारकही असेच म्हणत होते की, वर्ण जन्माने नव्हे तर गुणाने ठरवावेत. मग चातुर्वर्ण्यात वाईट ते काय उरले?

या प्रश्नाला बाबासाहेबांनी १९३६ साली उत्तर दिले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणासाठी त्यांना निमंत्रण दिले होते. भाषणातील विचार मानवले नाहीत म्हणून मंडळाने परिषदच रद्द केली. मग बाबासाहेबांनी ते भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतः छापले. त्यात ते चातुर्वर्ण्याची तुलना प्लेटोच्या राज्याशी करतात आणि दोहोंचा दोष एकच असल्याचे दाखवितात. प्रत्येक माणूस हा स्वतःच एक वर्ग असतो. एकाच माणसाच्या ठायी अनेक प्रवृत्ती वास करतात आणि त्यांच्या मिश्रणाला अंत नसतो. अशा माणसांना तीन किंवा चार कप्प्यांत बसविणे हे मनुष्यस्वभावाचे वरवरचे ज्ञान होय. बाबासाहेबांचा पुरावाही इतिहासातलाच आहे : मूळच्या चार वर्गांच्या आज चार हजार जाती झाल्या. शिवाय अशी व्यवस्था शिक्षेच्या भयावाचून टिकत नाही, हे त्यांनी शंबूकाच्या वधाचे उदाहरण देऊन सांगितले. आणि गुणानुसार वर्ण ठरवावयाचे तर स्त्रियांचे काय, असा प्रश्नही चातुर्वर्ण्याच्या समर्थकांना विचारला.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्या आचरणाचे हेतू ज्याला दुसऱ्याकडून स्वीकारावे लागतात तो गुलाम, ही गुलामाची व्याख्या ड्युई यांनी प्लेटोच्या नावावर दिली आहे. बाबासाहेबांनी ती जातिव्यवस्थेला लावली. कायद्याने कोणी कोणाचा गुलाम नसला तरी, ज्या समाजात माणसाचा धंदा त्याच्या इच्छेविरुद्ध ठरविला जातो तेथे गुलामगिरीच नांदते, असे त्यांनी दाखविले. म्हणजे प्लेटोची वर्गव्यवस्था त्यांनी नाकारली, परंतु गुलामगिरीची व्याख्या स्वीकारली. आणि त्याच व्याख्येच्या बळावर वर्गव्यवस्थेचा पाया उखडला. गुरूने जो विचार पाश्चात्त्य शिक्षणाच्या संदर्भात मांडला, तो शिष्याने अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी उपयोगात आणला. प्लेटोचे नाव मोठे म्हणून त्यांनी मान तुकविली नाही, आणि तो परका म्हणून त्याला दूरही लोटले नाही.

ही वृत्ती बौद्ध परंपरेला अपरिचित नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनांडर, म्हणजेच मिलिंद, वादविवादात कोणाला हार जात नसे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भदंत नागसेन त्याला अट घालतात : वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच मी बोलेन, राजांच्या रीतीने होणार असेल तर बोलणार नाही. पंडितांच्या वादात खंडन-मंडन होते, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते. पण कोणी रागावत नाही. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. मिलिंदाने ही अट मान्य केली, प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि समाधान झाल्यावर तो बुद्धाला शरण गेला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालयाला बाबासाहेबांनी या ग्रीक राजाचे नाव दिले, आणि त्या परिसराला नागसेनवन म्हटले. शिक्षणसंस्थेला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि भूमीला उत्तर देणाऱ्याचे, ही योजना अर्थपूर्ण आहे.

लाहोरच्या मंडळाने बाबासाहेबांशी राजांच्या रीतीने वाद केला; बाबासाहेबांनी प्लेटोशी पंडितांच्या रीतीने केला. हा भेद आज आपण कितपत पाळतो? वर्षावासात ठिकठिकाणच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे श्रद्धेने वाचन होते. परंतु वाचन संपले की सरणत्तय म्हणून आपण उठतो. एखाद्या तरुणाने वा उपासिकेने शंका काढली तर ती पुष्कळदा अनादर मानली जाते. आणि गुणानुसार वर्ण हा जुना युक्तिवाद शाळेत, प्रवासात, शेजाऱ्यांच्या तोंडून आपल्या मुलांच्या कानावर पुन्हा पुन्हा पडतच असतो. ज्याला विहारात प्रश्न विचारता आला नाही, त्याला बाहेर उत्तर देता येणार नाही.

म्हणून मुरबाड-शहापूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जेथे जेथे ग्रंथवाचन चालते, तेथे वाचनानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. प्रश्न लहानाने विचारला म्हणून त्याला गप्प करू नये, आणि उत्तर येत नसेल तर तसे सांगण्यात वक्त्याने कमीपणा मानू नये. योनक धम्मरक्खित अपरांतात आला तो हाती शस्त्र घेऊन नव्हे, तर उपदेश घेऊन. आणि येथील लोकांनी तो ऐकून, पारखून स्वीकारला. बाबासाहेबांनी प्लेटोला जी कसोटी लावली, ती आपण आपल्या वाचनालाही लावावी.